तोंड उघडेपर्यंत

मंगळवार, ४

उद्या सकाळी माझी उरलीसुरली अक्कल काढून घेणार आहेत. खालच्या जबड्यात उजवीकडे अगदी मागे एक दाढ वर्षानुवर्षं आडवी पडून आहे. एक्सरेत ती शेजारणीच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेल्या प्रवाशासारखी दिसते. दातांच्या डॉक्टरीणबाई कधीपासून 'काढून टाका' म्हणतायत आणि मी 'विचाराधीन आहे' म्हणतोय. नगरपालिकेच्या सभांच्या बातम्या लिहून लिहून हे एक उत्तर जिभेवर बसलंय.

ताईला हे पसंत नाही. फोनवर म्हणाली, "शुक्रवारी डॉक्टरांनी आईचं सांगितलं आणि सोमवारी तू दाढेची वेळ घेतलीस? पत्रकारमहाशय, धन्य आहात!"

मी तिला शांतपणे समजावलं. आईचं ऑपरेशन झालं तर तिच्या उशाशी महिनाभर मी बसणार. तेव्हाच ही बया ठणकायला लागली तर? आधी हे मिटवावं. शिवाय घरात एक शस्त्रक्रिया होऊन गेलेली असली की पुढच्या माणसाला धीर येतो. यात न समजण्यासारखं काय आहे?

"सांगितलंस का तिला?" ताई म्हणाली.

सांगणार आहे. शुक्रवारची गोष्ट इथे नीट लिहून ठेवतो. आईच्या हृदयाची एक झडप कडक झाली आहे. डॉक्टरांनी मला एकट्याला जिन्याजवळ नेलं. झडप बदलली नाही तर फार तर वर्ष, आणि तेही दर आठवड्याला एक पायरी कमी चढत. बदलायची तर याच महिन्यात. पण या वयात पाचांतला एक टेबलावरून परत येत नाही. वीस तारखेची जागा त्यांनी धरून ठेवली आहे. सोमवारपर्यंत, म्हणजे सतरापर्यंत, होकार कळवायचा. "तुम्हीच सांगा त्यांना," ते म्हणाले, "त्या तुमचंच ऐकतात."

आई कोणाचंच ऐकत नाही. नऊ वर्षांपूर्वी एका लांबलेल्या तापात जी इंजेक्शनं दिली, त्यांनी ताप गेला आणि कानही गेले. यंत्रं लावून पाहिली, त्यांतून तिला फक्त कढई खरवडल्यासारखा आवाज यायचा. मग मी रोज सकाळी तिच्यासमोर खुर्ची टाकून आमचंच वर्तमानपत्र आवाज न काढता वाचायला लागलो आणि ती माझं तोंड वाचायला शिकली. बाकीच्यांचं तिला जेमतेम कळतं. माझं सगळं कळतं, मी मनात दिलेल्या शिव्यासुद्धा.

लिहून दाखवलेलं मात्र ती मानत नाही. एकदा मी नदीवरचा पूल झाल्याची बातमी दिली होती. ती चालत जाऊन बघून आली, नुसते खांब होते. तेव्हापासून: "कागदावर काय, माणूस काहीही लिहितो. तोंड खोटं बोललं की दिसतं."

म्हणून तर तोंडानेच सांगायचं आहे. दाढ निघाली की स्वस्थपणे सांगतो.


बुधवार, ५

दाढ निघाली. आख्खी नाही, फोडून, चार हप्त्यांत. बाई मधेच म्हणाल्या, "मुळं वाकडी आहेत हो तुमची." मी सुन्न तोंडाने काहीतरी कुलाभिमानाचं बोलायचा प्रयत्न केला, सहायक मुलीने फक्त लाळ पुसली.

निघताना पथ्यं सांगितली. कापसाचा बोळा तासभर घट्ट चावून धरा. गालाला बर्फ, थोडा वेळ लावा, थोडा वेळ थांबा. गार आणि मऊ खा. नळीने काही ओढून पिऊ नका. सिगरेट नाही. आणि उद्या सकाळपर्यंत चूळ भरायची नाही, थुंकायचंही नाही. "तिथे रक्ताची एक गुठळी बसेल," बाई म्हणाल्या, "ती म्हणजे खड्ड्यावरचं झाकण. ती हलली तर माझ्या नावाने बोटं मोडू नका."

संध्याकाळी आईने मऊ भात दह्यात कालवून दिला. खाऊन झालं तशी ती उठली आणि मोरीच्या दारात उभी राहिली.

आमच्या घरात जेवून चूळ न भरता उठणं हा अपराध आहे. ग्रंथांत चुळीचे दोन प्रकार सांगितले आहेत, कवल आणि गण्डूष: एकात पाणी तोंडात खेळवायचं, दुसऱ्यात गाल भरून नुसतं धरायचं. आईचा तिसरा आहे. त्यात शेजाऱ्यांना ऐकू गेलं पाहिजे. आता तिला स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून ती माझ्या गालावर तळहात ठेवून तपासते. माझ्या बावन्नाव्या वर्षी.

मी हाताने 'नको' म्हटलं. बोलून पाहिलं, पण ओठ बधिर. माझे ओष्ठ्य वर्ण अजून दवाखान्यातच होते. तिने डोळे बारीक करून पाहिलं. "काय बोलतोस, काही कळत नाही." मग लिहून दाखवलं: डॉक्टरीणबाईंनी चूळ भरायची नाही असं सांगितलंय. तिने चष्मा वर करून वाचलं, कागदाची घडी घातली आणि पदराने ओटा पुसला.

"रक्त तोंडात घेऊन झोपतं का कोणी? भर."

भरली. तिने डाव्या गालावर हात ठेवला, सुजलेला सोडून. "जोरात," म्हणाली. "लहानपणीसारखी फसवाफसवी नको." जोरात भरली. पाण्यातून काहीतरी लालकाळं, जांभळाच्या सालीएवढं, वाहून गेलं. आईला समाधान वाटलं. म्हणाली, "बघ, किती घाण होती."


गुरुवार, ६

गाल वाढतोय. ठणका बेताचा. आईशी खुणांनी बोलतो. आज सांगणं शक्य नाही, ती काही वाचू शकणार नाही.


शनिवार, ८

हे दुखणं कसलं आहे ते लिहायला संस्कृतातही शब्द नाही, आणि संस्कृतात नरकाचे प्रकार भरपूर आहेत. काल संध्याकाळपासून उजव्या कानात, कानशिलात, डोळ्यामागे, सगळीकडे एकच तार पिळली जातेय. तोंडाला वास येतो, मलाच येतो. गोळ्या घेतल्या की अर्धा तास सुटका, की पुन्हा तार. जबडा एक बोट आत जाईल एवढाच उघडतो.

संपादकांचा फोन. "आवाज का येत नाही तुमचा? सभा कोण करणार?" मी फोनात नुसता कण्हलो. ते म्हणाले, "बरं, बातमी पाठवून द्या मग."

आई माझ्यासमोर बसून असते. दर थोड्या वेळाने विचारते, "काय सांगत होतास तू?" मी काही सांगत नव्हतो. तिला वाटतं मी काहीतरी सांगायचा प्रयत्न करतोय. चेहरा वेदनेने हलतो, तो ती वाचू बघते आणि तिला त्यात काही सापडत नाही. दुपारी ती चिडून म्हणाली, "पाटी पुसल्यासारखा झालायस." मग बाल्कनीत जाऊन उभी राहिली, आणि कठड्याला धरून श्वास घेत राहिली, बराच वेळ.


रविवार, ९

ताईचा फोन. घेतला नाही. घेऊन तरी बोलणार काय?


सोमवार, १०

बाईंकडे गेलो. आई हट्टाने बरोबर आली. रिक्षातून उतरून दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढताना दोनदा थांबली आणि म्हणाली की चप्पल सैल झाली आहे.

बाईंनी आत आरसा घालून पाहिलं. "गुठळी गेली. आत उघडं हाड दिसतंय. जोरात चूळ भरलीत ना?"

मी खुर्चीत आडवा, तोंडात दोन हत्यारं. डोळ्यांनी आईकडे निर्देश केला. हे पुत्रकर्तव्याला धरून नव्हतं, पण वेदना माणसाला न्यायप्रिय करते.

आई कोपऱ्यातल्या स्टुलावरून म्हणाली, "मास्क लावून काय बोलताय, मला ऐकू येत नाही." तिला वाटतं ती हळू बोलते, बाहेर बसलेल्या रुग्णांनी माना वळवल्या. बाईंनी लगेच मास्क खाली केला, तिच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाल्या, "आजी, यांनी चूळ भरायला नको होती. त्याने दुखतंय."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या उजव्या हाताकडे. "मी भरायला लावली," म्हणाली.

"अहो, असू दे. होईल बरं."

बाईंनी खड्डा कोमट पाण्याने धुतला, त्यात लवंगेच्या वासाची औषधी पट्टी भरली. पट्टी बसताच ती तार कोणीतरी हळूच सोडली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि नेमकं तेव्हा, माझं तोंड त्यांच्या ताब्यात असताना, बाई पुन्हा आईकडे वळून म्हणाल्या, "आणि आजी, तुमचेही दात एकदा बघून ठेवू. झडपेच्या ऑपरेशनाआधी दात स्वच्छ पाहिजेत, नाहीतर तिथला जंतू थेट हृदयात जातो. वीस तारीख ना?"

हे मीच त्यांना बोललो होतो, दाढेची घाई का ते सांगताना. मी खुर्चीचा हात इतका जोरात दाबला की पाठ आपोआप वर आली. "हलू नका," बाई म्हणाल्या.

आई काही क्षण बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दात माझे चांगले आहेत. सगळे स्वतःचे आहेत."

सुटलो. तिने फक्त 'दात' तेवढं वाचलं. परक्या माणसाचं तिला जेमतेम कळतं, हे मी म्हणतो ते खोटं नाही. तरी तिने आ केला, बाईंनी पाहिलं, एकही कीड नाही. परतताना रिक्षात ती बाहेर बघत होती. मध्येच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत उचलला नाही. चुळीचं मनाला लागलं असणार.


बुधवार, १२

आता माझ्या तोंडाचा कारभार आईकडे आहे. बाईंनी तिला नीट शिकवलंय, मास्क काढून. प्रत्येक खाण्यानंतर कोमट पाणी, त्यात मीठ. चूळ कशी, तर पाणी तोंडात घ्यायचं, मान नुसती इकडे तिकडे कलवायची, आणि वाकून पाणी आपोआप पडू द्यायचं. थुंकायचं नाही. पुढचे दात मऊ ब्रशने, मागे नुसतं बोटाने. पट्टी काढल्यावर वाकड्या टोकाच्या पिचकारीने खड्डा धुवायचा, म्हणजे अन्नाचा कण अडकणार नाही.

आई आता कशी उभी राहते ते बघण्यासारखं आहे. मी जरा जोरात पाणी हलवलं की माझ्या पाठीत चापट. "हळू! हाड आहे तिथे!" ज्या धर्माची ती संस्थापक, त्याची ती आता सर्वांत कडवी विरोधक झाली आहे.

एक नवीन खूळ तिने काढलंय. मी दुखण्याने घरात आहे तर मला कामं शिकवते. भात किती पाण्यात मऊ होतो. शर्टाची कॉलर आधी उलट्या बाजूने इस्त्री करायची. कपाटाची दुसरी किल्ली कुठे असते. गॅसवाल्याचा नंबर तिने भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहिला. मी खुणेने विचारलं, हे आत्ता कशाला? म्हणाली, "तू बोलत नाहीस तोवर तुला शिकवून होतं. बोलायला लागलास की वाद घालतोस."

तिला नेहमीच काहीतरी चाळा लागतो.


शुक्रवार, १४

काल पट्टी बदलली. हाडावर गुलाबी मांस धरू लागलंय. दुखणं निम्म्यावर. पण जबडा आखडलेला. बाईंनी आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या लाकडी पट्ट्या दिल्या: एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, रोज एक वाढवायची, आधी गाल कोमट कपड्याने शेकायचा. तीन बोटं उभी आत गेली की जबडा सुटला.

"पट्ट्या रोज करा," त्या म्हणाल्या. "नाहीतर असाच राहील."

काल केल्या नाहीत. आजही नाही. ओढ बसते. घाई करून शिवण फाटायला नको. अति सर्वत्र वर्ज्य.

ताईने रुग्णालयात फोन केला होता म्हणे, मग मला. आता मी तोंडातल्या तोंडात बोलू शकतो, पण तिला तेवढं पुरतं. "सोमवारी ते नाव काढून टाकणार आहेत. सोमवारी! तुला कळतंय का?"

"आईला माझं अजून वाचता येत नाही गं."

"मी येते. मी सांगते."

"तुझं तिला कळणार नाही."

"मग तू सांग! कधी?"

"तोंड उघडलं की."

ती म्हणाली, "तुझं तोंड ना, लहानपणापासून बरोबर वेळेला बंद पडतं." ताई शाळेत शिकवते, त्यामुळे तिला प्रत्येकाच्या वागण्यात काहीतरी दिसतं.


रविवार, १६

सकाळी आई भाजी घेऊन वर येत होती. आमचा मजला दुसरा. मला खालून पिशवी पडल्याचा आवाज आला, बटाटे पायऱ्यांवरून गडगडत गेल्याचा. धावलो. ती पहिल्या वळणावर बसली होती, ओठ निळसर, एक हात छातीवर, दुसऱ्याने मला 'थांब' म्हणत होती. थांब म्हणजे काय थांब! मी हाक मारली, "आई, आई" आणि तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की तिला माझ्या तोंडात काही दिसत नाहीय. ज्याच्याशी मी बोलू शकत नाही अशा माणसाला मी हाका मारत होतो. आणि हाका मारणारं तोंड अर्ध्या इंचाने उघडत होतं.

खालचे मिस्त्री धावत आले. आम्ही दोघांनी तिला खुर्चीत बसवून वर आणलं. "आजी, वजन वाढलंय हां तुमचं," मिस्त्री तिला हसवायला म्हणाले. तिने त्यांच्याकडे बघून, पुरता श्वास नसताना, उत्तर दिलं: "खुर्चीचं आहे ते."

मला तेव्हा काही वाटलं नाही. आत्ता लिहिताना वाटतंय: मिस्त्रींना मिशी आहे, ओठ झाकणारी, तोंडात पान. त्यांचं ती पूर्ण वाचते.

संध्याकाळी ती झोपल्यावर गाल शेकला. एक पट्टी. दोन. तिसरीला कानाखाली फाटल्यासारखं झालं आणि मी मोरीत उभा राहून रडलो. दाढेसाठी रडलो असं लिहितो, कारण वही माझी आहे आणि उलट तपासणीला कोणी नाही.


सोमवार, १७

सकाळी उठून बघतो तर आई समोर खुर्ची टाकून बसलेली, मांडीवर कोमट पाण्याचं भांडं, फडकं, आणि पट्ट्या.

"उघड," म्हणाली.

तिने गाल शेकला, बराच वेळ, फडकं पुन्हा पुन्हा बुडवून. मग पट्ट्या दातांत सरकवल्या. तीन. मी डोळे मिटले. चार. मी तिचं मनगट धरलं. "ओरड," ती म्हणाली, "मला काय, ऐकू येत नाही." पाच. तिथे काहीतरी सुटलं. दोरी ताणून मग सैल पडते तसं. तिने पट्ट्या काढल्या, आपली बोटं धुतली आणि दोन बोटं उभी आत घातली. तिसरं गेलं नाही.

"पुरे," म्हणाली. "बोल आता."

मी म्हटलं, "काय बोलू?"

"त्या शुक्रवारी जिन्यापाशी डॉक्टर काय म्हणाले ते."

मी बोललो. सावकाश, दुखत दुखत, प्रत्येक शब्द तोंडाच्या पुढच्या भागात आणून. झडप. वर्षभर. ऑपरेशन. पाचांतला एक. आज शेवटचा दिवस. ती माझ्या ओठांवर नजर ठेवून ऐकत होती, मी सभेची बातमी वाचून दाखवायचो तेव्हाच्याच चेहऱ्याने. संपल्यावर म्हणाली, "बरोबर. दातवालीने झडप आणि वीस तारीख सांगितली होती, बाकीचं नव्हतं."

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"ती बाई किती स्वच्छ बोलते. तुझ्यापेक्षा स्वच्छ."

"मग आठवडाभर गप्प का राहिलीस?"

"तू काय करतोस ते बघत होते." मग हात झटकला. "ते जाऊ दे. डॉक्टर काय म्हणतात ते झालं. तू काय म्हणतोस?"

"डॉक्टरांचं मत असं की—"

"डॉक्टरांचं मत पेपरात छाप. मी तुला विचारतेय."

जन्मभर मी दुसऱ्यांचं म्हणणं नोंदवत आलोय. अमुक म्हणाले, तमुकांनी सांगितलं, सूत्रांनुसार. माझं मत कोणी विचारलं नाही आणि मला ते असल्याचं आठवतही नव्हतं. ती वाट बघत होती. श्वास तिचा वाजत होता, तो फक्त मला ऐकू येत होता.

मी म्हटलं, "कर."

"का?"

"मला एकट्याने राहायचं नाही."

"आणि गेले त्यात तर?"

मला बोलता येईना. जबडा ठीक होता.

"रडू नकोस, ओठ वाकडे होतात, वाचता येत नाहीत," ती म्हणाली. "परत सांग."

मी परत सांगितलं. ती उठली, भांड्यातलं पाणी ओतून आली, आणि म्हणाली, "कर तर कर. फोन लाव त्यांना. एवढं बोलायला तोंडातलं हाड उघडं पडावं लागलं तुला."

लावला. लागेना. मग लागला. त्या टोकाची बाई म्हणाली, थांबा, पाहते. बराच वेळ एक सूर वाजत राहिला. आई माझ्या तोंडाकडे बघत होती, पण तिथे वाचण्यासारखं काही नव्हतं. मग: वीसची जागा सकाळीच दुसऱ्यांना दिली. आमच्याकडून काही कळलं नाही म्हणून. आता अठ्ठावीस.

मी फोन ठेवला. हे मात्र तिला सांगताना मी तोंड अजिबात आखडू दिलं नाही. "माझ्यामुळे," म्हटलं.

ती म्हणाली, "अठ्ठावीसपर्यंत तुला नीट भात येईल."


शनिवार, २२

ताई आली आहे. आई आता उशा रचून बसूनच झोपते. पायांना सूज. मी पिचकारीने खड्डा धुतो, पट्ट्या करतो, सात झाल्या. बाई म्हणाल्या, "छान भरतंय, आता विसरा." माझं भरतंय. रोज सकाळी मी तिच्यासमोर बसून वर्तमानपत्र वाचतो. दुसऱ्या पानापर्यंत तिचे डोळे मिटतात. मिटले की मला थांबावं लागतं. मी थांबलेलं तिला कळत नाही. मी तसाच बसून राहतो, पान उघडं धरून, ती श्वास घेतेय ना ते बघत.


शुक्रवार, २८

हे रुग्णालयाच्या बाकावर लिहितोय. सकाळी आत नेलं.

इथे सगळ्यांच्या तोंडांवर मास्क. भूल देणारे, परिचारिका, गाडी ढकलणारा, सगळे तिच्याशी प्रेमाने बोलत होते आणि ती एकेकाच्या डोळ्यांकडे बघत होती. काल रात्रीच मी परिचारिकेला विनवून ठेवलं होतं की काही करण्याआधी खांद्यावर हात ठेवा, आणि चष्मा शेवटपर्यंत राहू द्या. तिने मान हलवली. मास्कमागे हसली असावी.

शस्त्रक्रियेच्या दालनाचं दार काचेचं आहे. तिथून पुढे आम्हाला मज्जाव. दार बंद झालं, गाडी चार हात पुढे जाऊन थांबली, कसली तरी वाट बघत. आईने मान वळवली. ताई काचेवर हात आपटून रडत "आई, आई" म्हणत होती. मी तिला बाजूला केलं. काचेजवळ गेलो आणि आवाज न काढता बोललो. तोंड पूर्ण उघडून. काय बोललो ते लिहीत नाही. कितीही जाड काच असली तरी तिला ते कळणारच होतं. कळलं. तिने मान डोलावली.

मग ती बोलली.

तिचे ओठ हलले, छान, सावकाश. तीन शब्द, चार असतील. तिच्या आवाजात आता जोर उरला नव्हता, काचेतून काही ऐकू आलं नाही. ती थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तेच बोलली, आणखी सावकाश, मी तिच्यासाठी बोलतो तसं. मी बघत राहिलो. नऊ वर्षं रोज सकाळी ती माझ्यासमोर बसून माझं तोंड शिकली. मी तिचं एक अक्षर शिकलो नाही. गरजच पडली नव्हती. ती बोलली की मला ऐकू यायचं.

ताईला विचारलं, "काय म्हणाली?" ताईने मान हलवली. गाडी आत गेली.

तेव्हापासून मी दोनदा प्रसाधनगृहात जाऊन आलो. आरशासमोर उभं राहून ते ओठ करून बघतो. आधी मिटलेले, मग रुंद, मग पुढे आलेले, आणि शेवटी दात दिसले, तिचे स्वतःचे. 'पोटभर जेवून घे' म्हणून बघितलं, जमत नाही. 'येते मी परत' म्हणून बघितलं. शेवट जुळतो, सुरुवात जुळत नाही. मला ते जुळायला हवंय, म्हणून त्यावर विश्वास नाही. शेजारी हात धुणारे एक गृहस्थ माझ्याकडे बघत होते. मी त्यांना म्हटलं, "दाढ काढलीय." ते म्हणाले, "काळजी घ्या."

दालनाचा लाल दिवा अजून चालू आहे. ताई डब्याचं झाकण उघडून बसली आहे, खा म्हणते. मी पुन्हा आरशाकडे जातोय. सुरुवातीचा तो मिटलेला ओठ अजून सुटत नाही.